सरकीच्या रिफाइंड तेलाची पिशवी: तळणीत उत्तम, माहितीत अपुरी

विदर्भ-मराठवाड्यातील किराणा दुकानांत शेंगदाणा, सोयाबीन आणि सूर्यफूल तेलांच्या रांगेत सरकीच्या रिफाइंड तेलाची एक लिटरची पिशवी बहुधा खालच्या फळीवर असते, कारण घरगुती गिऱ्हाईक ती क्वचितच नाव घेऊन मागते. हेच तेल पंधरा किलोच्या डब्यांतून मात्र फरसाणवाले, हलवाई आणि खानावळी यांच्यापर्यंत नेमाने पोहोचते, आणि शेव-चिवड्याच्या पाकिटांतून ते घरात येतेच. ही समीक्षा एका स्थानिक गिरणीच्या अशाच एका पिशवीची आहे. गिरणीचे नाव येथे दिलेले नाही, कारण ज्या उणिवेबद्दल मुख्यतः लिहायचे आहे ती एकट्या त्या गिरणीची नाही. सरकी तेलाच्या ज्या इतर पिशव्या आणि डबे मी पाहिले, त्यांवरही ती तशीच होती. ती उणीव अशी, की भारतात पिकणारा जवळजवळ सगळा कापूस आज बीटी, म्हणजे जनुकीय सुधारित आहे, त्याच कापसाच्या बियांपासून हे तेल निघते, आणि तरीही पिशवीवर त्याचा उल्लेख कोठेही नाही.

हे तेल खाल्ल्याने अपाय होतो असे मी मानत नाही, आणि का मानत नाही ते पुढे सविस्तर येईल. तरीही खाणाऱ्याला न सांगता एखादा पदार्थ वीसहून अधिक वर्षे त्याच्या ताटात वाढला जावा, ही गोष्ट मला गंभीर वाटते, आणि म्हणून या परीक्षणात कढईपेक्षा पिशवीच्या छपाईला अधिक जागा दिली आहे.

प्रथम तेलाविषयी. रंग फिकट सोनेरी, वास जवळजवळ नाही, आणि चव इतकी तटस्थ की बेसनाची किंवा ओव्याची चव मुळीच झाकली जात नाही. शेव आणि चकली या दोन्हींत पहिल्या घाण्यापासून शेवटच्या घाण्यापर्यंत रंग सारखा आला, तेलाला फेस आला नाही आणि धूरही लवकर धरला नाही. डब्यात भरून ठेवलेल्या चकल्या खवट न होता टिकल्या. त्यामागचे कारण तेलाच्या घडणीत आहे: सरकी तेलात सुमारे निम्मे असंतृप्त, म्हणजे लवकर खवट होणारे, लिनोलेइक आम्ल असले, तरी जवळजवळ पाव भाग संतृप्त पामिटिक आम्लाचा असतो, आणि ई जीवनसत्त्वाच्या गटातील टोकोफेरॉलही त्यात चांगल्या प्रमाणात असतात. या दोहोंमुळे तेल उष्णता सहन करते आणि तळलेला पदार्थ टिकतो. गुजरातेत फरसाणासाठी कपासिया, म्हणजे सरकीच्या, तेलाला जो मान आहे, तो याच गुणामुळे. रोजच्या फोडणीला मात्र हे तेल मला रुचले नाही, कारण शेंगदाणा तेलाची किंवा करडईच्या तेलाची जी स्वतःची चव भाजीला येते, ती येथे नसते. पुऱ्यांना ते उत्तम, आमटीला कामापुरते.

थंडीत पिशवीच्या तळाशी पांढुरका गढूळपणा दिसला तर तेल बिघडले असे समजू नये. सरकी तेलातील संतृप्त अंश थंडीत गोठू लागतात. ज्या गिरण्या तेल थंड करून ते अंश गाळून काढतात, त्यांचे तेल पौष-माघातही पारदर्शक राहते, इतरांचे राहत नाही. या गिरणीचे तेल थोडे गढूळ होते आणि कोमट जागी ठेवल्यावर स्वच्छ झाले. एक काळजी मात्र घ्यावी: निम्मे लिनोलेइक आम्ल असलेले तेल पुन्हापुन्हा तापवणे हिताचे नाही. तळणीच्या तेलातील एकूण ध्रुवीय संयुगांचे, म्हणजे तेल तापवल्याने त्यात साठणाऱ्या विघटित द्रव्यांचे, प्रमाण २५ टक्क्यांपेक्षा जास्त झाल्यास ते वापरू नये, असा अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाचा नियम १ जुलै २०१८ पासून लागू आहे, आणि तो सरकी तेलाइतकाच इतर सर्व तेलांनाही लागू आहे.

आता या तेलाचा खरा धोका कोठे आहे ते सांगणे आवश्यक आहे, कारण तो जनुकापेक्षा कितीतरी जुना आहे. जिनिंगमध्ये कापसाची रुई वेगळी झाली की उरते ती सरकी, आणि वजनाने ती कापसाचा जवळजवळ दोन तृतीयांश भाग असते. सरकीच्या गरात गडद ठिपक्यांसारख्या ग्रंथी असतात आणि त्यांत गॉसिपॉल नावाचे पिवळे द्रव्य असते, जे कापसाच्या झाडाने किडींपासून बचावासाठी स्वतःच तयार केलेले विष आहे. एक्सपेलरमधून, म्हणजे तेल पिळणाऱ्या यंत्रातून, निघालेले कच्चे तेल काळपट तांबडे दिसते ते मुख्यतः या द्रव्यामुळे. कॉस्टिक सोड्याची प्रक्रिया केली की गॉसिपॉल साबणाच्या गाळात निघून जाते, त्यानंतर मातीने रंग उतरवला जातो आणि शेवटी वाफेने वास काढला जातो. चीनमध्ये काही खेड्यांत कच्चे सरकी तेल स्वयंपाकात वापरले गेल्याने पुरुषांत वंध्यत्व आढळले होते, आणि त्यावरूनच १९७० च्या दशकात तेथे गॉसिपॉलची पुरुषांसाठीचे गर्भनिरोधक म्हणून चाचणी झाली. यासाठी माझी स्पष्ट सूचना अशी, की अलीकडे लाकडी घाण्याच्या तेलांची जी आवड वाढली आहे, ती भुईमूग, तीळ, करडई यांपुरती ठेवावी आणि सरकीचे तेल रिफाइंड नसेल तर घेऊ नये. नैसर्गिक ते सुरक्षित आणि प्रयोगशाळेतले ते घातक, ही विभागणी सरकीच्या बाबतीत टिकत नाही. अमेरिकेतील टेक्सास ए अँड एम विद्यापीठात कीर्ती राठोड यांच्या गटाने बियांतील गॉसिपॉल जवळजवळ नाहीसे केलेला कापूस विकसित केला आणि २०१८ मध्ये तेथील कृषी विभागाने त्यावरील निर्बंध उठवले. तो कापूसही जनुकीय सुधारितच आहे.

आता बीटीकडे वळू. मार्च २००२ मध्ये केंद्राच्या जनुकीय अभियांत्रिकी मान्यता समितीने जालन्याच्या महिको कंपनीच्या तीन संकरित बीटी वाणांना लागवडीची परवानगी दिली, आणि महाराष्ट्र हे पहिल्या टप्प्यातील राज्यांपैकी एक होते. मातीत आढळणाऱ्या बॅसिलस थुरिंजिएन्सिस या जिवाणूतील क्राय१एसी हे जनुक त्या वाणांत घातलेले होते. २००६ पासून क्राय२एबी हे दुसरे जनुक असलेले वाणही आले. काही वर्षांतच देशातील कापसाचे ९० टक्क्यांहून अधिक क्षेत्र बीटीखाली गेले. शेतकऱ्याने ते बियाणे बोंडअळीसाठी घेतले, सूतगिरणीने रुई घेतली, आणि उरलेली सरकी पूर्वी जेथे जात असे तेथेच, म्हणजे तेलगिरणीत, जात राहिली. कापूस हे वस्त्राचे पीक मानले गेले. ते खाद्यतेलाचे आणि गुरांच्या ढेपेचेही पीक आहे, ही बाब सार्वजनिक चर्चेत जवळजवळ आलीच नाही.

याची तुलना बीटी वांग्याशी करून पाहावी. महिकोच्याच बीटी वांग्याला ऑक्टोबर २००९ मध्ये त्याच समितीने हिरवा कंदील दाखवला, त्यानंतर तत्कालीन पर्यावरण मंत्री जयराम रमेश यांनी नागपूरसह सात शहरांत जाहीर सुनावण्या घेतल्या, आणि ९ फेब्रुवारी २०१० रोजी त्या वांग्यावर स्थगिती जाहीर केली. शेतकरी, शास्त्रज्ञ, डॉक्टर, ग्राहक संघटना यांनी तेथे आपापली बाजू हिरिरीने मांडली, आणि लोकशाहीत अन्नाविषयीचे निर्णय असे चारचौघांत व्हावेत, असे मला मनापासून वाटते. पण ज्या काळात वांग्याच्या भरताबद्दल इतकी चर्चा झाली, त्या काळात ते भरत ज्या तेलात परतले जात होते त्याबद्दल फारसे कोणी विचारले नाही. त्या वेळी बीटी सरकीचे तेल बाजारात येऊन सात-आठ वर्षे झाली होती.

मग त्या तेलाची सुरक्षितता तपासली गेली होती का? अंशतः, होय. बीटी कापसाला मान्यता देण्यापूर्वी सरकी आणि ढेप जनावरांना खाऊ घालून अभ्यास झाले होते: दुभत्या गाईंवर कर्नालच्या राष्ट्रीय दुग्ध संशोधन संस्थेत, म्हशींवर पंतनगरच्या कृषी विद्यापीठात, माशांवर मुंबईच्या केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्थेत. त्यांत चिंताजनक असे काही निघाले नाही. तेलाबाबतचा मुख्य युक्तिवाद रसायनशास्त्राचा आहे आणि तो मला पटतो. जनुक आपले काम प्रथिनाच्या द्वारे करते, आणि क्राय प्रथिन अळीच्या अल्कधर्मी आतड्यातील विशिष्ट ग्राहकांना (रिसेप्टर, म्हणजे ते प्रथिन चिकटण्याच्या जागा) चिकटून तिला मारते. माणसाच्या आतड्यात ते ग्राहक नाहीत आणि जठरातील आम्ल व पाचकरसांत ते प्रथिन विघटित होते. त्यातही तेल म्हणजे स्निग्धाम्ले. कॉस्टिक, माती आणि वाफ यांच्या प्रक्रियांनंतर त्यात प्रथिन जवळजवळ उरत नाही. बीटी आणि बिगरबीटी सरकीच्या रिफाइंड तेलातील स्निग्धाम्लांत स्वयंपाकघराच्या दृष्टीने फरक नाही.

तथापि हा युक्तिवाद या तेलापुरता आहे. सर्व जनुकीय सुधारित अन्नाला तो लागू होत नाही. प्रत्येक जनुक, प्रत्येक पीक आणि त्याचा खाल्ला जाणारा भाग वेगवेगळा तपासावा लागतो. १९९० च्या दशकात सोयाबीनचे पोषणमूल्य वाढवण्यासाठी त्यात ब्राझील नटातील एक प्रथिन घातले गेले, तेव्हा त्या कवचफळाची अॅलर्जी असलेल्या लोकांच्या रक्तद्रवाने त्या सोयाबीनलाही प्रतिसाद दिला. १९९६ मध्ये ते निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि ते वाण बाजारात आले नाही. तपासणी केल्यामुळेच तो धोका वेळीच कळला. २००० मध्ये अमेरिकेत स्टारलिंक मक्याचे जे झाले, ते आपल्यासाठी अधिक बोधप्रद आहे. त्यातील क्राय९सी प्रथिन माणसात अॅलर्जी करील की काय, याबद्दल शंका असल्याने तो मका फक्त जनावरांच्या खाद्यासाठी मंजूर होता, पण तो दुकानांतल्या टॅकोच्या कवचांत सापडला आणि माल परत बोलवावा लागला. कागदावर वेगळे ठेवलेले दोन प्रवाह शेतात, गोदामात आणि गिरणीत वेगळे राहिले नाहीत.

आपल्याकडे हा प्रश्न ‘चोर बीटी’च्या रूपाने आज प्रत्यक्ष उभा आहे, आणि या पिशवीविषयीची माझी खरी अस्वस्थता येथे आहे. तणनाशक सहन करणाऱ्या एचटीबीटी कापसाला भारतात लागवडीची परवानगी मिळालेली नसतानाही त्याचे बियाणे विदर्भात अनेक हंगाम विकले गेले आहे. जून २०१९ मध्ये अकोला जिल्ह्यातील अकोली जहांगीर येथे शेतकरी संघटनेने हे बियाणे उघडपणे पेरून सविनय कायदेभंग केला, आणि तंत्रज्ञान निवडण्याचे स्वातंत्र्य ही त्यांची मागणी होती. निंदणीला मजूर मिळत नाहीत आणि मजुरी परवडत नाही, ही त्यामागची अडचण खरी आहे. तिला केवळ गुन्हा म्हणून हाताळल्याने ती सुटणार नाही. परंतु त्या कापसाची सरकी जिनिंगच्या आवारात इतर सरकीच्या ढिगात मिसळते आणि तिची अन्न म्हणून तपासणी आपल्या नियामकांनी केलेली नाही. परदेशातून येणारे सोयाबीन तेल बहुतांशी तणनाशक सहन करणाऱ्या पिकाचेच असते, तेव्हा त्या जनुकाबद्दल मला विशेष भीती नाही. भीती आहे ती व्यवस्थेबद्दल: आज एक बेकायदा जनुक कोणालाही न कळता तेलापर्यंत पोहोचत असेल, तर उद्या ज्याची तपासणी खरोखर हवी असे दुसरे एखादे जनुकही त्याच वाटेने पोहोचेल, आणि तेव्हाही पिशवीवर काही लिहिलेले नसेल. ज्या गिरणीचे तेल मी तपासले, तिच्या दुकानदाराला सरकी कोणत्या भागातून येते हे ठाऊक होते, पण कोणत्या वाणाची येते हे सांगता आले नाही, आणि ते त्याला माहीत असावे अशी अपेक्षा आज कोणताही नियम करीत नाही.

पिशवीवर काय आहे ते आता पाहू. शाकाहाराचा हिरवा ठिपका आहे, अ आणि ड जीवनसत्त्वे मिसळल्याची खूण आहे, परवाना क्रमांक, पोषणतक्ता, पॅकिंगची तारीख, निव्वळ वजन आणि घनफळ आहे. ‘कोलेस्टेरॉलमुक्त’ असे ठळक अक्षरांत आहे, जे कोणत्याही वनस्पती तेलाबाबत खरे असते आणि म्हणून ग्राहकाला त्यातून नवे काही कळत नाही. जीवनसत्त्वांच्या खुणेला जागा मिळते, कोलेस्टेरॉलच्या घोषणेला मिळते. ‘जनुकीय सुधारित कापसाच्या बियांपासून’ या चार शब्दांना मिळत नाही.

नियम नाही म्हणून हे घडते असे म्हणावे, तर तसेही नाही. वैधमापनशास्त्राच्या, म्हणजे वजन-मापांच्या कायद्याखालील, आवेष्टित वस्तू नियमांत केलेली दुरुस्ती १ जानेवारी २०१३ पासून लागू झाली, आणि तीनुसार जनुकीय सुधारित अन्न असलेल्या प्रत्येक पाकिटाच्या दर्शनी भागावर सर्वांत वर ‘जीएम’ ही अक्षरे छापणे आवश्यक ठरले. त्याही आधी, २००६ च्या अन्न सुरक्षा आणि मानके कायद्याने जनुकीय सुधारित अन्नाची व्याख्या करताना केवळ असे जीव ज्यात आहेत तेच अन्न नव्हे, तर अशा जिवांपासून तयार झालेले पण प्रत्यक्षात ते जीव नसलेले अन्नही त्यात धरले. सरकीचे तेल या दुसऱ्या वर्गात नेमके बसते. याच कायद्याचे २२ वे कलम असे सांगते, की नियमांत तरतूद असल्याखेरीज जनुकीय सुधारित अन्न कोणी तयार करू नये, विकू नये किंवा आयात करू नये. ते सविस्तर नियम मात्र कायदा होऊन पंधरा वर्षे उलटल्यावर, नोव्हेंबर २०२१ मध्ये, मसुद्याच्या रूपाने लोकांपुढे आले आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये सुधारित मसुदा निघाला. २०२१ च्या मसुद्यात एक टक्का किंवा त्याहून अधिक जनुकीय सुधारित घटक असलेल्या अन्नावर तसा उल्लेख करण्याची तरतूद सुचवली होती. एवढा काळ दोन मंत्रालयांच्या मधल्या जागेत गेला: १९८९ च्या नियमांखाली पर्यावरण मंत्रालयाची समिती पिकाला परवानगी देते, अन्न आरोग्य मंत्रालयाच्या अखत्यारीत येते, आणि कापसासारखे पीक जेव्हा शेतातून कढईत जाते, तेव्हा मधल्या टप्प्याची जबाबदारी कोणाची, याचे उत्तर वर्षानुवर्षे लांबत गेले.

प्रयोगशाळेत हे शोधता येत नाही, असा एक बचाव नेहमी केला जातो. अतिशुद्ध तेलात डीएनए फारच थोडा उरतो हे खरे. पण जुलै २०१८ मध्ये दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंट या संस्थेने भारतीय बाजारातील ६५ खाद्यपदार्थ तपासले, तेव्हा २१ नमुन्यांत जनुकीय सुधारित घटकांचा माग लागला, आणि देशात तयार झालेल्या ज्या पदार्थांत तो लागला ती सरकीची तेले होती. यावरून तेल घातक ठरत नाही. शोधणे अशक्य आहे, हे म्हणणे मात्र सरसकट टिकत नाही.

खरे तर शोधण्याच्या क्षमतेवर लेबल अवलंबून ठेवावे की नाही, यावर जगात दोन पंथ आहेत. युरोपीय संघाने २००३ मध्ये केलेल्या नियमांत पिकाचा माग कागदोपत्री ठेवला जातो, त्यामुळे तेलात डीएनए सापडो वा न सापडो, ते जनुकीय सुधारित पिकाचे असेल तर तसे लिहावे लागते. अनवधानाने झालेल्या मिसळीला ०.९ टक्क्यांपर्यंत सूट आहे. जपानने तेल आणि सोया सॉस यांना लेबलातून वगळले, कारण त्यांत बदललेला डीएनए ओळखता येत नाही. अमेरिकेत २०२२ पासून बंधनकारक झालेल्या नियमातही अतिशुद्ध पदार्थांना अशीच सवलत ठेवली गेली आणि मिसळीची मर्यादा पाच टक्के धरली गेली. माझा कौल युरोपीय पद्धतीकडे आहे. ग्राहकाला आपण काय खातो हे कळण्याचा हक्क प्रयोगशाळेच्या यंत्राच्या संवेदनशीलतेवर टांगलेला असू नये. कोणी आरोग्याच्या विचाराने, कोणी बियाण्यावरील मक्तेदारीला विरोध म्हणून, तर कोणी शेतीतील जैवविविधतेसाठी निवड करीत असेल, आणि ही सर्व कारणे ग्राहकाची स्वतःची आहेत. आपल्या अंतिम नियमांत अतिशुद्ध तेलाला सवलत मिळाली, तर भारतातील सर्वांत जास्त खाल्ले जाणारे जनुकीय सुधारित अन्नच लेबलाबाहेर राहील आणि मग त्या नियमाला ग्राहकाच्या दृष्टीने फारसा अर्थ उरणार नाही.

आयातीच्या बाबतीत सरकारने दाखवलेली काटेकोर वृत्ती पाहिली, की देशांतर्गत मौन अधिकच खटकते. ऑगस्ट २०२० च्या आदेशान्वये २४ पिकांच्या आयातीसोबत ती जनुकीय सुधारित नसल्याचे प्रमाणपत्र मागितले जाऊ लागले आणि १ मार्च २०२१ पासून ते बंधनकारक झाले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये कोंबडीखाद्य महागले म्हणून १२ लाख टन जनुकीय सुधारित सोयापेंड आणण्यास मुभा देण्यात आली, जिच्या आयातीसाठी न्हावा शेवा बंदरही खुले केले गेले, आणि लातूर-वाशीमच्या सोयाबीन उत्पादकांनी काढणीच्या तोंडावर भाव पडतील म्हणून त्याला विरोध केला. म्हणजे गरजेप्रमाणे दार कधी बंद, कधी उघडे. सरकीची ढेप तर रोजच आपल्या गाई-म्हशींच्या दावणीत असते. जनावरांनी जनुकीय सुधारित खाद्य खाल्ले म्हणून दुधावर तसे लिहिण्याची सक्ती युरोपातही नाही, आणि तशी मागणी मी येथेही करणार नाही.

जुलै २०२४ मध्ये डीएमएच-११ या जनुकीय सुधारित मोहरीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी त्या मोहरीबद्दल परस्परविरोधी निर्णय दिले, परंतु जनुकीय सुधारित पिकांविषयी केंद्राने राष्ट्रीय धोरण आखावे, यावर त्यांचे एकमत होते. मोहरी हे उघडपणे तेलाचे पीक असल्याने तेथे लेबलाचा प्रश्न टाळता येणार नाही, आणि त्या धोरणात सरकीलाही जागा मिळेल अशी माझी अपेक्षा आहे. अकोल्या-यवतमाळच्या जिनिंगपासून गिरणीपर्यंत सरकीची खरेदी आजही पावतीवर होते. त्या पावतीवर वाणाची नोंद ठेवणे कष्टाचे असले तरी अशक्य नाही. तोपर्यंत पिशवीच्या दर्शनी भागावर ‘जीएम’ ही दोन अक्षरे छापण्यास गिरणीला कोणाच्या धोरणाची वाट पाहण्याची गरज नाही, कारण तो नियम २०१३ पासूनचा आहे. जी गिरणी हे प्रथम करील तिचे तेल मी खात्रीने घेईन आणि इतरांनाही सुचवीन.

तळणीसाठी या तेलाला मी पाचपैकी चार गुण देतो, आणि लेबलाला एक, तोही परवाना क्रमांक व तारखा स्वच्छ छापल्याबद्दल. दिवाळीच्या फराळासाठी ज्यांना स्वस्त, तटस्थ चवीचे आणि टिकाऊ तेल हवे आहे, आणि बीटी पिकाबद्दल ज्यांचा आक्षेप नाही, त्यांनी ते निःशंक घ्यावे. फक्त ‘रिफाइंड’ हा शब्द आणि पॅकिंगची तारीख पाहून घ्यावी, आणि सुटे तेल घेऊ नये, कारण त्यात काय मिसळले आहे हे कोणीच सांगू शकत नाही. ज्यांना जनुकीय सुधारित पिकाचे तेल नको आहे, त्यांच्यासाठी भुईमूग, करडई, तीळ आणि सूर्यफूल हे मार्ग मोकळे आहेत, कारण या पिकांच्या जनुकीय सुधारित वाणांना भारतात लागवडीची परवानगी दिलेली नाही. आयात केलेले सोयाबीन तेल या यादीत धरू नये, कारण ते बव्हंशी अर्जेंटिना आणि ब्राझीलमधून येते आणि तेथील सोयाबीन जवळजवळ सर्व जनुकीय सुधारित आहे. मिश्र खाद्यतेलाच्या पिशवीवर कोणते तेल किती टक्के आहे हे लिहिणे बंधनकारक असते, आणि फरसाणाच्या पाकिटावर घटकांच्या यादीत तेलाचे नाव द्यावे लागते. तेथे सरकी किंवा ‘कॉटनसीड’ असे लिहिलेले आहे का, ते खरेदीपूर्वी वाचून घ्यावे.